झाडीपट्टीचे जिवंत दप्तर

पश्चिम महाराष्ट्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला साधनांची वाण सहसा पडत नाही. शिलालेख, ताम्रपट, सनदा, महजर आणि पेशवे दप्तरातील असंख्य रुमाल त्याच्या दिमतीला असतात. परंतु वर्धा ओलांडून वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांकडे जसजसे जावे, तसतसा कागद विरळ आणि अरण्य दाट होत जाते. पूर्वी चांदा या एकाच नावाने ओळखला जाणारा आणि १९८२ साली चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेलेला हा झाडीपट्टीचा मुलूख गोंड राजांच्या वंशावळी, भोसल्यांच्या अमदानीतील जमाबंदी आणि इंग्रजी बंदोबस्ताचे अहवाल एवढ्याच लेखी साधनांवर आपली ओळख सांगतो. ही साधने राजाची आणि महसुलाची हकीकत देतात. पण तीन हजार वर्षांपूर्वी याच झाडीत मोहफुले वेचणारी बाई रोज काय खात होती, ती इथलीच होती की दुरून नांदायला आली होती, तिचे मूल कोणत्या तापाने गेले, या प्रश्नांची नोंद कोणत्याही कारकुनाने कोणत्याही वहीत केलेली नाही.

तरीही तशी नोंद झालेली असते, हे गेल्या अर्धशतकात विज्ञानाने सप्रमाण दाखवून दिले आहे. माणसाची हाडे, दात, त्याने वापरलेली मडकी आणि त्याच्या वंशजांचे रक्त यांत काही रेणू टिकून राहतात, आणि त्या रेणूंची रचना त्याच्या आहाराची, स्थलांतराची, आजारांची व नात्यागोत्याची साक्ष देते. डीएनए, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि मूलद्रव्यांची समस्थानिके हे या शास्त्राचे चार प्रमुख साक्षीदार होत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात या चौघांची उलटतपासणी केली असता असे दिसते की, इथल्या मातीने यांपैकी पुष्कळसे पुरावे राखलेले नाहीत, आणि जे राखले आहे ते मुख्यतः इथल्या हयात माणसांच्या शरीरात आहे. या एका वस्तुस्थितीमुळे इथे या शास्त्राची पद्धतही बदलते आणि त्याची नीतीही.

महाराष्ट्रात या विद्येची पायाभरणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाली. इरावती कर्वे यांनी हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेतील लांघणज येथे उत्खनन केले, त्या काळी माणसाच्या भूतकाळाचा शोध म्हणजे कवटीची लांबी-रुंदी मोजणे असे समीकरण होते. पुढे १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली जे दीर्घ उत्खनन झाले, त्यात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती आणि त्यांची दफने उघडकीस आली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन ल्युकाक्स यांनी तेथील अस्थी व दात तपासून आहाराविषयी अनुमाने बांधली; विश्वास गोगटे आणि अनुपमा क्षीरसागर यांनी हाडांतील सूक्ष्म मूलद्रव्यांचे रासायनिक पृथक्करण केले. हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक भटक्या जीवनाकडे वळले, हा ढवळीकरांचा सिद्धान्त ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकांच्या अस्थींच्या वाढीवरून पुन्हा पारखून पाहिला. एकाच वस्तीतील हाडांना दोन पिढ्यांनी वेगवेगळे प्रश्न विचारावेत आणि त्यांतून जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी व्हावी, एवढी ही परंपरा आता प्रौढ झाली आहे.

या पृथक्करणांपैकी सर्वांत रंजक प्रकार म्हणजे कार्बनच्या समस्थानिकांचा. निसर्गात कार्बनचा अणू दोन स्थिर वजनांचा आढळतो. भात, गहू, कडधान्ये आणि अरण्यातील बहुतेक सर्व वृक्ष प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या मार्गाने अन्न तयार करतात, त्यात जड कार्बन फार कमी प्रमाणात शोषला जातो. ज्वारी, बाजरी, नाचणी, कोदो आणि कुटकी यांचा मार्ग निराळा असून त्यात तो तुलनेने अधिक शोषला जातो. धान्यातील हा फरक खाणाऱ्याच्या हाडांत आणि दातांत जसाच्या तसा नसला तरी ओळखू येईल इतका उतरतो. नायट्रोजनचे जड समस्थानिक अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीगणिक वाढत जाते, म्हणून मांस आणि विशेषतः मासे खाणाऱ्याची हाडे निव्वळ धान्यावर जगणाऱ्यापासून वेगळी काढता येतात. पश्चिम महाराष्ट्र भाकरीचा आणि झाडीपट्टी भाताची, हा भेद आज प्रवाशालाही जाणवतो. परंतु तो केव्हापासूनचा आहे, बांधावरच्या भाताने डोंगरउतारावरील कोदो-कुटकीला कोणत्या शतकात मागे सारले, आणि मालगुजारी तलावांनी सिंचनाची जी व्यवस्था या प्रदेशात रूढ केली तिच्यापूर्वी सामान्य माणसाचे ताट कसे होते, हे प्रश्न कार्बनच्या या दोन वजनांना विचारण्याजोगे आहेत.

स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचा उपयोग याहून विलक्षण आहे, आणि त्याला चंद्रपूर-गडचिरोलीइतकी अनुकूल भूमी महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल. खडकातील स्ट्रॉन्शियम मातीत, मातीतून पाण्यात व धान्यात आणि धान्यातून माणसाच्या दातांत जाते. दाताचे आवरण बालपणी एकदा घडले की आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे माणूस कोणत्या खडकावर वाढला याची निशाणी त्याच्या तोंडात कायम राहते. उलट हाड सतत नव्याने घडत असल्यामुळे ते आयुष्याच्या अखेरच्या वर्षांची साक्ष देते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याची स्ट्रॉन्शियमची खूण जवळपास एकसारखी आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस हा पाषाण संपतो. मग वर्धा खोऱ्यातील कोळशाचे गोंडवन थर आणि चुनखडी लागते, आणि वैनगंगेपलीकडे अडीचशे कोटी वर्षांहून प्राचीन असे पट्टिताश्म व ग्रॅनाइट पसरलेले आहेत, ज्यांत स्ट्रॉन्शियमच्या किरणोत्सर्गजन्य समस्थानिकाचे प्रमाण पुष्कळच अधिक असते. काळ्या पाषाणावर वाढलेली मुलगी लग्न होऊन वैनगंगेच्या पूर्वेस आली आणि तिथेच मातीआड झाली, तर तिचे दात आणि तिचे हाड दोन निरनिराळ्या मुलखांची नावे सांगतील. अर्थात अशा निष्कर्षापूर्वी त्या त्या ठिकाणच्या वनस्पती, गोगलगायी आणि उंदीर गोळा करून प्रदेशाचा आधारनकाशा करावा लागतो, आणि समुद्रकाठाहून आलेल्या मिठासारख्या परक्या पदार्थाने आकड्यांत भेसळ तर केली नाही ना, हेही तपासावे लागते.

हे प्रश्न ज्यांना विचारायचे ती स्थळे इथे नाहीत असे मुळीच नव्हे. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे प्रचंड शिळांचे कक्ष उभे आहेत. चामोर्शी आणि वाघनख येथील शिलापेटिकांची दखल इंग्रजी गॅझेटियरांनीही घेतली होती. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात माहुरझरी, नैकुंड आणि जुनापाणी येथील शिलावर्तुळांतून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन लोकांची दफने, तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले घोडे आणि नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही शांताराम भालचंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशात आणली. परंतु अवजारे, मणी आणि घोड्याचा साज यांवरून मेलेल्या माणसाची प्रतिष्ठा कळते, त्याचे पोट कळत नाही.

मडकी मात्र पोटाचीच गोष्ट सांगतात. न चकाकवलेल्या मातीच्या भांड्यात शिजवलेल्या पदार्थाचा स्निग्धांश भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो आणि तिथे तो हजारो वर्षे टिकू शकतो. त्यातील मेदाम्लांच्या कार्बनची तपासणी केली म्हणजे ती चरबी मांसाची की दुधाची, हेही ओळखता येते, ही पद्धत ब्रिस्टल विद्यापीठातील रिचर्ड एव्हरशेड यांनी रूढ केली. गुजरातेतील कोटडा भडली या सिंधुकालीन खेड्यातील मडक्यांवरून कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली असे सिद्ध केले की, इसवी सनापूर्वी अडीच हजारांच्या सुमारास तेथे दुधावर प्रक्रिया होत होती. मग झाडीपट्टीचे काय? इथल्या माडिया आदिवासी समाजात गाईचे दूध काढून पिण्याची रूढी परंपरेने नव्हती. ते वासराचे, असा त्यामागचा भाव. रक्ताची साक्षही याला पूरक ठरावी अशी आहे: प्रौढपणी दूध पचवू देणारा जनुकीय बदल भारताच्या वायव्येस पुष्कळ आढळतो आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाताना तो विरळ होत जातो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत भारतीय पाहणीत दिसून आले. विदर्भातील शिलावर्तुळांजवळच्या मडक्यांच्या खापऱ्या धुऊन स्वच्छ करण्याऐवजी तशाच मातीसह जपून ठेवल्या, तर दुधाची ही सीमारेषा लोहयुगात कोठून जात होती हे पाहता येईल.

आता डीएनएकडे वळावे, कारण सामान्य वाचकाच्या मनात या शास्त्राची प्रतिमा तीच आहे; २०२२ सालचे नोबेल पारितोषिक स्वान्ते पेबो यांना प्राचीन डीएनएच्या संशोधनाबद्दल मिळाल्यापासून तर विशेषच. डीएनए थंडीत टिकतो आणि उष्णतेत व ओलाव्यात तुटत जातो. हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी उत्खनन केलेल्या दफनभूमीतून ६१ नमुने तपासण्यात आले. त्यांतून एकाच स्त्रीचा जनुकसंच वाचण्याजोगा निघाला आणि तोही अंतर्कर्णाला वेढणाऱ्या कठीण अस्थीतून, अनेकवार प्रयत्न केल्यावर. त्या एका स्त्रीवरून शिंदे, नीरज राय आणि हार्वर्डच्या डेव्हिड राईख यांच्या गटाने २०१९ साली तिच्या वंशात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नसल्याचे दाखवून दिले. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात माती महिनोन्महिने ओली राहते आणि अरण्याच्या पालापाचोळ्याने ती आम्लधर्मी होते, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थींकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे हे आशावादाचेही पलीकडचे होईल.

म्हणूनच इथे हयात माणसांकडे वळावे लागते. प्रत्येकाच्या पेशीत पूर्वजांच्या जनुकसंचाचे तुकडे असतात, आणि पिढ्यांगणिक ते तुकडे लहान होत जातात. त्यांच्या लांबीवरून दोन समाजांचे मिश्रण किती पूर्वी झाले याचा हिशेब मांडता येतो. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व कुमारसामी थंगराज यांनी राईख यांच्याबरोबर २००९ साली भारतीयांच्या दोन प्राचीन वंशधारा वेगळ्या काढल्या, आणि २०१३ साली पुढील संशोधनाने असे दाखवले की, या धारांचे मिश्रण साधारणतः ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी व्यापक प्रमाणात झाले आणि मग रोटी-बेटीच्या निर्बंधांनी समाज आपापल्या कुंपणात बंद झाले. ज्याला आपण सनातन समजतो तो जातिबंधाचा कडेकोटपणा जनुकांच्या मोजमापाने अलीकडचा ठरतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्ञानेश्वर चौबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली गोंड समाजाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असूनही तिच्या भाषकांच्या वंशात मुंडा भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी पुष्कळ साम्य आढळले. जी भाषा तोंडात आहे ती एका वाटेने आली असेल आणि रक्त दुसऱ्या. यास्तव कुळावरून भाषा वा भाषेवरून कुळ ठरवण्याचा मोह या शास्त्राने तरी टाळलाच पाहिजे.

परंतु या जिल्ह्यांच्या भूतकाळाची सर्वांत बोलकी साक्ष एका आजाराने दिली आहे. सिकलसेल या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना, पंडुरोग व अकाली मृत्यू यांना सामोरे जावे लागते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा रोग असल्याचे दाखवले. थोड्याच वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येण्यात आहे हे शोधले. एवढा घातक दोष निसर्गाने टिकू कसा दिला, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून दिले: ज्याला हे जनुक दोन्ही पालकांकडून मिळते तो आजारी पडतो, पण ज्याला एकाच पालकाकडून मिळते त्याचे प्राणघातक हिवतापापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. अर्थात जिथे हे जनुक मुबलक आहे, तिथे पिढ्यान्पिढ्या हिवतापाने मुले मरत होती, एवढे तरी निश्चितपणे म्हणता येते.

भारतात हे जनुक प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाचे वृत्त लॅन्सेट या नियतकालिकात दिले. पुढे पुण्याचे एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया आणि परधान यांसारख्या समाजांत २० ते ३५ टक्के लोकांमध्ये हे जनुक आढळले. गडचिरोली आणि चंद्रपूर हे अधिक रुग्णसंख्येच्या जिल्ह्यांत गणले गेले. भारतीय जनुकाभोवतीची डीएनएची ठेवण आफ्रिकेतील ठेवणींहून निराळी, परंतु पूर्व अरबस्तानातील ठेवणीशी जुळणारी आहे, हे १९८६ साली दिसून आले. निलगिरीपासून ओडिशापर्यंत एकमेकांशी कधीही सोयरीक न करणाऱ्या, भिन्न भाषा बोलणाऱ्या समाजांत तीच ठेवण सापडावी, यावरून या समाजांचे वेगळे होणे त्या जनुकाच्या जन्मानंतरचे असावे असा तर्क १९८९ साली मांडला गेला. विदर्भात तर ते अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. कुंपणे जितकी पक्की सांगितली जातात तितकी ती कधीच पक्की नव्हती, याचा हा आणखी एक दाखला.

या साक्षीतून किती निष्कर्ष काढावा, याला मात्र मर्यादा आहे. आफ्रिकेच्या बाबतीत फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ साली असे प्रतिपादन केले की, जंगलतोड करून शेती सुरू झाल्यावर साचलेल्या पाण्यात डास वाढले आणि हिवतापाबरोबर हे जनुकही पसरले. तोच न्याय लावून झाडीपट्टीतील सिकलसेलचा संबंध भातशेतीशी आणि तलावांशी जोडण्याचा मोह होतो. परंतु इथे हिवताप पसरवणाऱ्या डासांपैकी एक जात, ॲनॉफिलिस फ्लुविॲटिलिस, बांधातल्या साचलेल्या पाण्यापेक्षा डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या ओढ्यांत अंडी घालणे पसंत करते. भामरागड, एटापल्लीच्या डोंगरांत नांगर न लावताही माणूस हिवतापाच्या कचाट्यात सापडू शकतो, आणि आजही महाराष्ट्रातील हिवतापाचे फार मोठे ओझे एकट्या गडचिरोलीच्या वाट्याला येते. तेव्हा या जनुकाने इथल्या लोकांचे हिवतापाशी असलेले दीर्घ वैर सिद्ध केले. ते शेतकरी म्हणून वैरी झाले की वनवासी म्हणून, याचा निवाडा दातांतील कार्बन आणि मडक्यांतील मेद यांच्या साक्षीवाचून व्हायचा नाही.

कागदाचे दप्तर उघडताना कागदाची परवानगी घ्यावी लागत नाही. जिवंत दप्तराचे तसे नाही. माणसाच्या शरीराचे माप घेणाऱ्या विद्येचा इतिहास निष्कलंक नाही. इरावती कर्वे ज्यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये शिकल्या, ते ऑयगेन फिशर पुढे नाझी वंशवादाचे शास्त्रीय आधारस्तंभ ठरले. त्यांच्याच संस्थेत कवट्या मोजून इरावतींनी मात्र गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, वंशाचा आणि कवटीच्या विषमतेचा संबंध आढळत नसल्याचे नोंदवले, हे त्यांच्या बुद्धीच्या स्वातंत्र्याचे लक्षण होय. अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी समाजाचे रक्त ॲरिझोनाच्या विद्यापीठाने मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतले आणि ते त्यांच्या स्थलांतराच्या इतिहासासह इतर विषयांसाठी त्यांना न विचारता वापरले. २०१० साली विद्यापीठाला भरपाई देऊन उरलेले नमुने परत करावे लागले. आणि गडचिरोलीचाच अनुभव घ्यावयाचा तर, १९८६ साली तिथे गेलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आरंभीच सिकलसेलची पाहणी केली, पण तो प्रश्न आपल्या जिज्ञासेचा होता, लोकांना त्या घडीला जाणवणाऱ्या गरजेचा नव्हता, असे डॉ. अभय बंग यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. संशोधन लोकांवर नव्हे, तर लोकांबरोबर व लोकांसाठी करावे, हा त्यांच्या पुढील कार्याचा आधार बनला.

या तिन्ही उदाहरणांचा मथितार्थ एकच आहे. ज्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात इतिहासकाराला प्राचीन हिवतापाची नोंद वाचता येते, त्याच थेंबात त्या माणसाच्या पोटच्या मुलाचे भवितव्य लिहिलेले असते: पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यामागे चारातील एक वाटा आजाराचा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे. अशा तपासणीचा निकाल वेळेवर, गोंडीत किंवा माडियात समजावून, घरापर्यंत न पोचवता केवळ वंशावळीचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकात छापले गेले, तर ती विद्या नव्हे, मालगुजारीच होय.

उपाय दूर शोधावा लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत अनेक वर्षे पाळली आहे, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून ती पद्धत अरण्यालाही लागू केली आहे. ज्या गावाने बांबूच्या तोडीचा हिशेब स्वतःच्या हाती घेतला, त्याला आपल्या पूर्वजांच्या दफनांचा आणि आपल्या रक्ताच्या नमुन्यांचा हिशेबही घेता येईल. नमुना कशासाठी, तो कोठे ठेवला जाणार, पुढच्या अभ्यासासाठी पुन्हा विचारणा होणार की नाही, आणि निष्कर्ष गावाला कोण येऊन सांगणार, या चार प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतल्यावाचून झाडीपट्टीत यापुढे ना शिळेखालचे हाड उचलले जावे, ना दंडातील रक्त. त्या ठरावाखालची अंगठ्याची वा सहीची नोंद ही या मुलखाच्या दप्तरात वनवासी माणसाने इतिहासाचा विषय म्हणून नव्हे, तर त्याचा धनी म्हणून केलेली नोंद असेल.